कमावलेलं कातडं

८ नोव्हेंबर

मावशी,

पाया पडतो. आधी काय रागवायचं ते रागावून घे, मग पुढे वाच.

मी जिवंत आहे. कॉलेज सोडलं हे तुला कळलंच असेल, तिथल्या लोकांना दुसरं बोलायला आहे काय. फोन लावत बसू नकोस, तो मी भिंतीवर फोडला. दुसरा घेतला असता, पण फोन हातात असला की मी तिला लावतो, ती उचलत नाही, आणि मग मी काहीतरी फोडतो. म्हणून कागद.

झालं ते असं. गेटवर, सगळ्या कॉलेजसमोर, तिच्या भावानं माझ्या थोबाडीत मारली. तो बस डेपोत फिटर आहे, हात म्हणजे लोखंडी पाने. मी पडलो. मावशी, मी पडलो. ती तिथेच उभी होती, वही छातीशी धरून, डोळे भरलेले. माझ्यासाठी. त्या डोळ्यांवर मी अजून जगतोय. तेव्हाच ठरवलं, पुन्हा तिच्यासमोर जाईन तो त्या फिटरला तिच्यासमोर आडवा करूनच.

दिवसा मी टायर रिमोल्डच्या कारखान्यात असतो. जुन्या टायरची झिजलेली पाठ मशीनवर खरवडायची, वर नवं रबर चढवायचं आणि साच्यात भाजायचं. संध्याकाळी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वस्ताद बॉक्सिंग शिकवतो. शिकवतो म्हणजे मारतो. पहिल्याच आठवड्यात माझी बरगडी त्यानं मोडली आणि म्हणाला, "आता श्वास जपून घ्यायला शिकशील." मला आवडला माणूस.

त्याचं एक तंत्र आहे. सराव झाला की घमेल्यात पाणी घ्यायचं, त्यात ओंजळी-ओंजळीनं मीठ, आणि तोंड अन् मुठी बुडवून बसायचं. मग तसंच वाळू द्यायचं. तेल नाही, मलम नाही. चामडं कमावतात तसं तोंडाचं कातडं कमवायचं, म्हणजे ठोशानं फाटत नाही. बाकीचे अजून आग आग करतात. माझं सगळ्यांच्या आधी कमावलं गेलं. नडगीवर नख ओढलं तर पांढरी रेघ उठते आणि कोंडा पडतो. कोपरं खरवडलेल्या रबरासारखी. शेडमध्ये मला टायरच म्हणतात. आणि मला घाम येत नाही. बाकीचे निथळतात, मी कोरडा ठणठणीत. वस्ताद म्हणतो, याला म्हणतात दम. माझी नाडी त्याला दोनदा मोजावी लागली, इतकी संथ. म्हणाला, असं काळीज घोड्याचं असतं. जेवण तेवढंच आहे तरी वजन चढतंय, मान जाड झालीय.

एक काम कर. ती तुझ्या टेलरिंगच्या दुकानावरूनच कॉलेजला जाते. तिला नुसतं बघ आणि बरी आहे का, तेवढं कळव.

तुझा
भोंग्या

१७ नोव्हेंबर

भोंग्या,

ज्या पायांवर पडतोस त्यांना भेगा आहेत, जरा जपून पड.

राग मी भांड्यांवर काढला. एक पातेलं चेपलं. तुझी आई गेली तेव्हा तू गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा रडायचास, म्हणून मी तुला भोंग्या म्हणायला लागले. तेव्हा तुला गप्प करायला मी होते. आता माझ्या बहिणीचं पोर माणसं बुकलायला शिकतंय आणि वर मला कौतुकानं कळवतंय. छान.

पण पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं ते त्यासाठी नाही. तुला माझी बोटं आठवतात का? अस्तर लावताना मी साटीनचे धागे ओढायला लागले होते. बोटांची कातडी इतकी खरखरीत झाली होती की रेशमी कापड नुसतं हातात धरलं तरी अडकायचं आणि मधोमध रेघ उमटायची. मालकानं दोन झगे माझ्या अंगावर फेकले. मला आधी वाटलं साबणामुळे, मग वाटलं थंडीमुळे, मग म्हटलं वय झालं. मग घाम बंद झाला, तोंड सुजल्यासारखं दिसायला लागलं, आवाज घोगरा झाला, नाडी मंदावली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला आणि रक्त तपासलं. थायरॉईड. गळ्यात एवढीशी ग्रंथी असते, ती आळसावली की सगळं अंग आळसावतं आणि कातडी तर वाळतेच. तुझ्या आईच्याही टाचा अशाच होत्या. तिला कुणी तपासलंच नाही.

तू ज्याला दम म्हणतोस, घोड्याचं काळीज म्हणतोस, ते सगळं मला होतं रे. मी काही कुणाला बुकलत नव्हते. आरशात बघ, भुवयांची बाहेरची टोकं विरळ झालीत का? इतरांपेक्षा थंडी जास्त वाजते का?

मी डॉक्टर नाही, म्हणून रक्त तपासून घे. तोवर एवढं कर. अंघोळ कोमट पाण्यानं, आटोपती. कढत पाण्यानं बरं वाटतं, पण तेच कातडीतलं उरलंसुरलं तेल धुऊन नेतं. साबण जिथे मळ आहे तिथेच. टॉवेलनं खसाखसा पुसू नको, टिपून घे, आणि अंग ओलसर आहे तोवरच व्हॅसलिन लाव. वाळल्यावर लावलंस तर भिंतीला लावल्यासारखं. झोपताना टाचांना चोपडून वर सुती मोजे. आणि मीठ बंद. ते घमेलं वस्तादाच्या डोक्यात घाल, तेवढी एक मारामारी तुला माफ.

तिच्यावर मी पाळत ठेवणार नाही. ती माणूस आहे, बस नव्हे, येण्याजाण्याच्या वेळा टिपायला.

मावशी

२ डिसेंबर

मावशी,

तुझे आजार माझ्या अंगाला चिकटवू नकोस. मी विचारलं काय, तू लिहिलंस काय. पत्रभर टाचा.

रविवारी माझी पहिली झुंज झाली. समोर एक रंगारी, माझ्याहून वीतभर उंच. पहिल्याच फेरीत त्याचा एक ठोसा, ठोसा कसला, चापटीसारखा भुवईला घासून गेला आणि भुवई उघडली. डोळ्यात रक्त. वस्तादानं कोपऱ्यात अंगठ्यानं दाबून धरलं, कसलीतरी पूड भरली आणि पुन्हा ढकललं. मग मी त्याला दोरांवर दाबला. बरगडीखाली मूठ नीट शिरली की माणूस ओरडत नाही, नुसतं तोंड उघडतो. त्या उघड्या तोंडावर मारलं. त्याचा दात माझ्या हाताच्या पट्टीत अडकून राहिला. प्रत्येक ठोशाला मी मनात तिचं नाव घेत होतो. तो खाली पडला तरी मी तिचं नाव घेत मारतच राहिलो, तेव्हा वस्तादानं मानेला धरून ओढलं.

तुझं व्हॅसलिनही लावून पाहिलं, नाही असं नाही. शेडमधला वेल्डर, माझ्याच खोलीत राहतो, तो म्हणाला, "नवरी नटतेय रे, आरसा आणू का?" मी त्याचं डोकं घमेल्यात दाबलं, मिठाच्या पाण्यात, बुडबुडे यायचे थांबले तरी दाबून धरलं. तिघांनी मिळून मला उपटून काढला. आता कुणी हसत नाही. डबी मी फेकून दिली.

भुवयांची टोकं विरळ आहेत. मग? ठोशांनी गेली असतील. थंडी वाजते, साच्याला पाठ लावून उभा राहिलो तरी वाजते. हिवाळा आहे म्हणून वाजते.

फिटरला मी डेपोच्या एका ड्रायव्हरबरोबर निरोप धाडलाय. हात चालवायची खाज असेल तर या शेडमध्ये ये म्हणावं.

ती कशी आहे? एवढं एकच विचारलंय.

भोंग्या

१२ डिसेंबर

भोंग्या,

एका माणसाचं डोकं पाण्यात धरलंस, हे वाचताना सुई माझ्या बोटात गेली. तो वेल्डर मेला असता तर मला हे पत्र कुठल्या पत्त्यावर घालावं लागलं असतं, याचा विचार कर.

तू फुशारकीनं लिहितोस आणि मला त्यात दुसरंच दिसतं. चापटीनं भुवई फाटते, याला कमावलेलं कातडं म्हणतात होय? वाळलेलं पान मुठीत धरून बघ, तुझं तसं झालंय. आणि वस्ताद त्याच्यावर आणखी मीठ चोळतोय.

ती दुकानात आली होती. स्वतःहून. बाही सैल करून हवीय म्हणाली, पण बाही नीटच होती. बरी आहे. तुझी चौकशी केली. तू कुठे असतोस, ते किती लांब, तिथून इथे यायला किती वेळ लागतो, इतक्यात येणार आहेस का, एवढं तिनं विचारलं. मी म्हटलं, पुष्कळ लांब आहे.

बस्स. मी तुझं काम केलं, आता तू माझं कर. रक्त तपास, आणि अहवाल हातात येईपर्यंत कुणावर हात उचलू नकोस. तू बरा झालास की बाकीचं समोरासमोर बोलू.

मावशी

१९ डिसेंबर

मावशी,

तू हे इतकं कोरडं कसं काय लिहू शकतेस? ती आली. बाही नीट असताना आली. किती लांब, किती वेळ लागतो, कधी येणार. आणि तू हे मोज्यांच्या आणि रक्ताच्या मधे कोंबून पाठवतेस. तुझं पत्र मी शर्टाच्या आत ठेवून टायर घासतो. रबराच्या चुऱ्यानं काळं झालंय, पण ती ओळ मला पाठ आहे. ती तिकडे अंतर मोजत बसलीय, मावशी. माझं नाव घेता येत नाही म्हणून अंतर मोजतेय.

फिटरचा निरोप आला. म्हणतो, "येतो. पण हरलास तरी अन् जिंकलास तरी, त्यानंतर आमच्या वाटेला यायचं नाही." टरकलाय. हरण्याआधीच अटी घालतोय.

दुसऱ्या रविवारी, जानेवारीत. तेवढं होऊ दे, मग तू म्हणशील तिथे रक्त देतो, हवं तर बादलीभर. आत्ता नाही. आत्ता मूठ आवळली की सांध्यांवरची कातडी चिरते आणि पट्टी ओली होते, ते चालायचंच. एकच अडचण आहे. समोरून येणारा ठोसा मला दिसतो, पण माझा हात उशिरा उठतो. पाण्यात उभं राहून लढल्यासारखं. वस्ताद म्हणतो, सराव वाढव आणि मीठही वाढव.

तिला सांग, फार लांब नाही.

भोंग्या

१३ जानेवारी

मावशी,

जिंकलो.

हे एका डोळ्यानं लिहितोय, दुसरा शिवून बंद केलाय. अक्षर समजून घे.

पहिल्या फेरीत त्यानं मला फोडला. दोन्ही भुवया गेल्या, नाकाशेजारचा गाल गेला, ओठ मधोमध उभा चिरला. तो फार जोरात मारत होता असंही नाही. मूठ लागेल तिथे कातडं उघडत होतं. सगळं लाल, मग लालही दिसेना. दुसऱ्या फेरीत मी त्याच्या श्वासाच्या आवाजावर मारत होतो. मधेच त्याचं मारणं थांबलं. दमला असणार. मी थांबलो नाही. जबडा मोडतो ना, तेव्हा ते मुठीतून थेट खांद्यापर्यंत कळतं, जाड फांदी मोडल्यासारखं. तो पडला. मी त्याच्यावर बसून मारलं. घंटा झाली म्हणतात, मला ऐकू आली नाही. कुणीतरी बाई ओरडत होती, तेवढं ऐकू आलं.

मग मी पण कोसळलो. इथल्या लहान दवाखान्यात नेलं. टाके घालणारा डॉक्टर चिडला होता, दोरा ओढला की कातडीच तुटते, टाका धरत नाही म्हणाला. दंडातून रक्तही काढून घेतलं. शुद्धीवर आलो तेव्हा माझ्या हातापायांना काहीतरी मऊ चोपडलेलं होतं आणि पायात मोजे होते. कुणी केलं विचारलं तर सिस्टर म्हणाली, एक बाई होत्या, गेल्या.

ती होती का? मावशी, खरं सांग. ती आली होती? तिनं मला जिंकताना बघितलं?

भोंग्या

१८ जानेवारी

भोंग्या,

मोजे माझे होते.

तुझं "फार लांब नाही" वाचलं आणि मी दुकानातून रजा काढली. झुंज सुरू झाल्यावर पोचले, मला गर्दीतून पुढे कुणी जाऊ देईना. त्यामुळे सगळं बघावं लागलं.

ती आली होती. ओरडणारी बाई तीच. भावाला सोड म्हणून तुला ओरडत होती.

फिटर दमला नव्हता. तुझ्या तोंडाच्या चिंध्या झालेल्या बघून त्यानं हात खाली घेतले आणि पंचाकडे वळून म्हणाला, "थांबवा हो, पोरगं मरेल." हात खाली, मान वळलेली. तेव्हा तू त्याचा जबडा मोडलास. मग त्याच्या छातीवर बसलास. मी तुला लहानपणी खाऊ घातलेलं सगळं माझ्या घशाशी आलं.

आता माझ्याकडचं. ती दुकानात आली तेव्हा बाही मापायला मी तिला वळवत होते, पण ती रस्त्याकडे पाठ करेना. किती लांब असं तिनं विचारलं ते तुझी वाट बघत होती म्हणून नव्हे. तू किती वेळात येऊन धडकू शकतोस, हे तिला जाणून घ्यायचं होतं. थोबाडीत मारायला भावाला तिनंच सांगितलं होतं. तिच्याशी बोलले म्हणून तू दोघा पोरांची डोकी फोडलीस. तिच्या खिडकीवर दगड मारून तिला उठवायचास. ती वर्गात जायची बंद झाली होती, भोंग्या. हे सगळं तिनं मला माझ्या कात्री-टेपच्या टेबलापाशी उभं राहून सांगितलं, आणि मी तुला त्यातलं अर्धंच लिहिलं. वाटलं, पूर्ण लिहिलं तर तू रक्त तपासायचा नाहीस, उलट कुणाचा तरी जीव घेशील. त्या अर्ध्यावर तू एक महल बांधलास. तो जबडा माझ्याही नावावर आहे.

तुझा अहवाल मी डॉक्टरांकडून फोनवर घेतला. जो आकडा पाचाच्या आत हवा तो शंभराच्या वर आहे. डॉक्टर म्हणाले, हा पोरगा उभा कसा राहत होता. गोळ्या सिस्टरकडे ठेवायला सांगितल्यात. सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, वर तासभर चहा नाही. मलम ओल्या अंगावर, दोन वेळा. कातडी लगेच सुधारणार नाही, दीड-दोन महिने जातील, मधेच कंटाळून सोडू नकोस.

आणि एक ऐक. गोळीनं घाम येईल, हात वेळेवर उठेल, भुवयाही येतील. पण तू जे केलंस ते थायरॉईडनं केलेलं नाही. त्याच्यावर ढकलू नकोस. मलाही तोच आजार आहे.

मावशी

२९ जानेवारी

मावशी,

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा मशीनवर लाथ घातली, मग ते पत्र साच्यात टाकलं. टायरबरोबर भाजून निघालं. तू खोटं लिहिलंस असं मी ठरवून टाकलं. तिला माझ्यापासून तोडायला सगळे एक झालेत आणि तूही त्यांच्यात गेलीस, असं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच मी दवाखान्यात गेलो. फिटरलाही तिथेच ठेवलंय, अजून सोडलेलं नाही. माझे टाके काढायचे आहेत असं सिस्टरला सांगितलं, तर ती म्हणाली, तुमचे अजून धरलेलेच नाहीत, काढायचे काय, आणि गोळ्यांची पिशवी हातात दिली. मी तशीच खिशात कोंबली. मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. तिनं तुझं म्हणणं खोटं ठरवलं की मी तिला तिथूनच घेऊन जाणार होतो. आणि खरं ठरवलं तर काय करणार होतो, ते तुला लिहवत नाही. पण ठरलेलं होतं.

मागच्या बाजूला दोन खाटांची खोली आहे. एक खाट रिकामी. दुसऱ्या खाटेवर तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, जबडा तारांनी बांधलेला. ती शेजारी स्टुलावर बसून वाटीतलं पातळ काहीतरी चमच्यानं गार करत होती. मी दारात उभा राहिलो. "तूच सांग," एवढंच म्हणणार होतो, तोंडही उघडलं होतं.

ती उठली. ओरडली नाही. खाट आणि मी यांच्या मधे आली आणि टेबलावरचा स्टीलचा जग दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. जग भरलेला होता. पाणी तिच्या बाह्यांमधून खाली गळत होतं आणि तिला ते कळत नव्हतं. तिचे दात वाजत होते, मला दारापर्यंत ऐकू येत होते. मावशी, माझ्यावर धावून आलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत. ती रागात असतात, त्यांच्याकडे बघून माझं रक्त तापतं. ती रागात नव्हती. ती मरायची तयारी करून उभी होती.

माझी मूठ आवळलेली होती. कधी आवळली ते मला कळलंच नव्हतं, सांधे चिरून रक्त बोटांवर आलं होतं. मी मूठ उघडली. हात रिकामा आहे, हे तिला दिसावं म्हणून पुढे धरला. तर ती आणखी मागे सरकली, खाटेच्या कडेला जाऊन आपटली. माझ्या उघड्या हातालाही ती तेवढीच भ्यायली.

मग विचारायचं काही राहिलं नाही.

गोळी चालू केलीय. शेडमध्ये परत गेलो नाही, वस्तादाचा पुढच्या झुंजीचा निरोप होता तो तसाच परत धाडला. अंघोळ झाली की ओल्या अंगाला मलम लावतो. वेल्डर बघतो आणि मान फिरवतो. तो मला हसत नाही म्हणजे सुधारला असं मी समजत होतो. तोही भ्यायलेलाच आहे.

त्या दिवशी त्या खोलीच्या दारातून मी दोन पावलं मागे आलो, दार बाहेरून ओढून घेतलं आणि तिथेच उभा राहिलो. आत जग खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दाराकडे येणारी पावलं. कडी एकदा चुकली, पुन्हा लावली. ती नीट बसल्याचं ऐकू आलं, तेव्हा मी निघालो.

भोंग्या